काळ्या गाडीला हातानं पॉलिश करायचंय, अ‍ॅप्लिकेटर कुठला घेऊ?

राजारामपुरी_गल्ली
नमस्कार मंडळी. बाबांची काळी सेडान आहे. इंजिन ठणठणीत, पण ऊन पडलं की बॉनेटवर आणि डाव्या बाजूच्या दारांवर बारीक गोल गोल चरे असे उठून दिसतात की बाबा नाराज होतात. बाबांच्या वाढदिवसाआधी गाडी चकाचक करून द्यायची, असं माझ्या मनात आहे. मशीन वापरता येणार नाही, आमच्या पार्किंगमध्ये प्लगच नाही. बारीक पॉलिश आणि वॅक्स आणून ठेवलंय. अडलंय ते अ‍ॅप्लिकेटरपाशी, म्हणजे पॉलिश-वॅक्स लावायच्या पॅडपाशी. पिवळे गोल फोम, काळे चौकोनी, मायक्रोफायबरचे, टॉवेलच्या कापडाचे, मागे बोटं अडकवायला पट्टी असलेले... काय घ्यावं कळेना. एकाच प्रकारात पॉलिश आणि वॅक्स दोन्ही भागेल का? शेजारचे काका म्हणतात, जुनं बनियन घे आणि लाग कामाला.

उद्यमनगर_रंगशेड
ताई, गाडी काळी आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. काळ्या रंगावर काहीच लपत नाही.

आधी बनियनचं बघू. कापड बोटांवर गुंडाळून घासलं की सगळा जोर बोटांच्या टोकांवर येतो. जिथं बोट तिथं जास्त घासलं जातं, मधल्या जागेत कमी. शिवाय सुती कापड पॉलिश पिऊन टाकतं, मग तुम्ही कोरड्या घडीनं रंग घासत बसता. आमच्याकडं हातानं पॉलिश केलेल्या ज्या गाड्या येतात, त्यांच्यावर ट्यूबलाइट तिरकी पाडली की या बोटांच्या रेघा दिसतात. काकांना सांगा, बनियन अलॉय व्हील पुसायला ठेवा.

तुमच्या पॉलिशसाठी तळहाताएवढा पॅड घ्या, वरून मायक्रोफायबर आणि आत घट्ट फोम असलेला. पॉलिशमध्ये बारीक कण असतात, ते क्लिअर कोटचा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचा, अगदी पातळ पापुद्रा काढतात आणि चऱ्याच्या कडा सपाट करतात. मशीन हे काम वेगानं करतं. हाताला तो वेग नाही, म्हणून पॅडनंच थोडी मदत करावी लागते. मायक्रोफायबरचे धागे कण पृष्ठभागावर धरून ठेवतात आणि स्वतःही थोडं कापतात. नुसत्या मऊ फोमनं पॉलिश लावलं तर हात दुखेपर्यंत घासाल आणि चरे जिथल्या तिथं राहतील.

आतला फोम कसा ओळखायचा, तर पॅड अंगठा आणि तर्जनीत धरून दाबा. बोटं सहज एकमेकांना भिडली तर तो वॅक्सचा पॅड. दाबताना अडत असेल, पण दारावरच्या गोलाईवर ठेवल्यावर वाकत असेल, तर तो पॉलिशचा. कडेची शिलाई बघून घ्या. जाड नायलॉनची शिलाई किंवा कंपनीचं लेबल रंगावर घासलं गेलं तर नवीन चरे पडतात. लेबल असेल तर कापूनच टाका. मागची पट्टी मला आवडते. पॅड हातातून सुटत नाही आणि तळहात सपाट राहतो. टॉवेलच्या कापडाचा मात्र काळ्या गाडीला लावू नका, त्याचे फासे कडक असतात.

कधी कधी काळ्या रंगावर मायक्रोफायबरनं चरे जातात पण हलका धुरकटपणा राहतो. तसं झालं तर तेच बारीक पॉलिश गुळगुळीत, मध्यम मऊ फोमच्या पॅडनं, हलक्या हातानं परत फिरवा. म्हणून सुरुवात नेहमी फोमनं, बॉनेटच्या कोपऱ्यात एका छोट्या चौकोनावर करा. तेवढ्यानं भागलं तर मायक्रोफायबरची गरजच नाही. नाही भागलं तर एक पायरी वर जा.

गाडीचा सगळा रंग मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यात क्लिअर कोट 40-50 च्या आसपास. गेलेला परत येत नाही. नखाला अडकणारा चरा असेल तर तो तसाच राहू द्या, त्याच्या मागं लागू नका.

वॅक्सला पिवळा मऊ फोम. तिथं कापायचं काहीच नसतं, पातळ थर सारखा पसरायचा एवढंच. आणि नाही, एकच पॅड दोन्हीला चालणार नाही. पॉलिशचे कण वॅक्समध्ये मिसळले तर केलेली मेहनत तुम्हीच घासून काढाल.

गोकुळशिरगाव_पांढरी
दादांनी पॅडचं सगळं सांगितलंय, मी त्याच्या आधीचं सांगतो. आमच्या फाउंड्रीच्या पट्ट्यात गाडीवर लोखंडाची बारीक धूळ बसते. पांढऱ्या गाडीवर तांबूस ठिपके दिसतात, काळीवर दिसत नाहीत, पण असतात. धुतलेल्या बॉनेटवर प्लास्टिकची पिशवी हातात घालून हात फिरवा. खरखर लागली तर आधी क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी, फिरवा, भरपूर फेसाच्या पाण्यासोबत. नाहीतर तेच कण पॅडमध्ये अडकतील आणि कितीही चांगला पॅड असू दे, तो रंग ओरबाडणारच.

गळीत हंगामातली काजळी आणि जोतिबाहून आल्यावरचा गुलाल, दोन्ही कोरडं पुसू नका. आधी पाण्याचा जोर, मग शाम्पू. तुमच्या गाडीवरचे गोल चरे बहुतेक कोरड्या फडक्यानंच पडले असणार.

हुपरी_बफवाला
आमच्याकडं चांदीला चकाकी आणताना घट्ट शिवलेला बफ (घासायचं कापडी चाक) आधी, सुटा मऊ बफ नंतर. प्रत्येक मसाल्याचा, म्हणजे पॉलिशच्या लेपाचा, बफ वेगळा, एकाचा दुसऱ्याला लावला तर मालक ओरडतो. गाडीचं गणितही तेच दिसतंय. हात मात्र सरळ रेषेत फिरवा ताई, आधी आडवा, मग उभा. गोल फिरवलं तर राहिलेले चरे उन्हात जास्त चमकतात.

राजारामपुरी_गल्ली
सगळ्यांचे मनापासून आभार. क्ले केलं, पाणी काळं झालेलं बघून धक्काच बसला. बॉनेटच्या कोपऱ्यात फोमनं फरक पडला नाही, मायक्रोफायबरनं मात्र चरे बरेच गेले! पण निम्मं बॉनेट होईपर्यंत पॅड जड आणि चिकट झाला, रंगावर पांढरी भुकटी साचायला लागली. पॉलिश कमी पडतंय का?

उद्यमनगर_रंगशेड
कमी नाही, जास्त होतंय. नव्या पॅडवर पहिल्यांदा पातळ चोळून घ्या, धागे ओले होईपर्यंत. त्यानंतर दर वेळी वाटाण्याएवढे तीन ठिपके पुरतात, तेही दोन फूट बाय दोन फुटाच्या चौकोनाला. चौकोन झाला की जुन्या टूथब्रशनं पॅड झाडायचा. रंगातून सुटलेला मळ आणि वाळलेलं पॉलिश निघून जातं. एवढ्या मोठ्या गाडीला मायक्रोफायबरचे तीन-चार पॅड हाताशी ठेवा. एक जड झाला की बाजूला, दुसरा घ्या. जमिनीवर पडलेला पॅड पुन्हा रंगाला लावायचा नाही.

सकाळी लवकर करा, पत्रा गार असताना. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर आधी मास्किंग टेप मारा, तिथं पॉलिश वाळलं की पांढरे डाग जाता जात नाहीत. बॉनेटच्या आणि दारांच्या धारदार कडांवरून पॅड दाबून नेऊ नका, तिथं रंग सगळ्यात पातळ असतो. काम झालं की पॅड त्याच दिवशी लिक्विड साबणानं धुवा, फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको, सावलीत वाळवा. घरच्या सुती कपड्यांबरोबर धुतलात तर पॅडला सूत चिकटतं आणि पुढच्या वेळी तेच रंगावर फिरतं.