मदत हवी आहे: चांदीचं पाणी (कोलॉयडल सिल्व्हर) करायला पाणी कोणतं घ्यावं?

नमस्कार मंडळी, राहायला घोडबंदर रोडला. घरी कोलॉयडल सिल्व्हर, म्हणजे चांदीचे अतिबारीक कण असलेलं पाणी, करायचं डोक्यात आहे. चोख चांदीची तार जांभळी नाक्याच्या सोनाराकडून आणली (999 ची, दागिन्यांच्या चांदीत तांबं असतं म्हणून ती नको), 9 व्होल्टच्या तीन बॅटऱ्या सिरीजमध्ये, काचेचा ग्लास, सगळं जमलंय, घोडं अडलंय ते पाण्यावर.

आमच्या सोसायटीत कधी कॉर्पोरेशनचं पाणी, कधी टँकर, कधी बोअर, कुठल्या दिवशी काय येईल ते सेक्रेटरीलाही माहीत नसतं. नळाच्या पाण्यात तारा सोडल्या की लगेच पांढरे धूर निघाल्यासारखं होतं आणि ग्लास ताकासारखा दिसायला लागतो. आरओचं त्यातल्या त्यात बरं, पण टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा) 38 दाखवतो आणि तेही गढूळतंच. पेट्रोल पंपावरून बॅटरीचं पाणी आणलं, ते मीटरवर 2, त्यात मात्र पाणी नितळ राहिलं, बऱ्याच वेळाने जेमतेम पिवळसर झाक आली आणि लेझर मारला की आत लाल रेघ दिसते. पण कॅनवर डिस्टिल्ड (वाफ थंड करून काढलेलं) की डीएम (रेझिनने क्षार काढलेलं) काही धड लिहिलेलं नाही. मेडिकलवाला म्हणतो इंजेक्शनचं पाणी न्या, ते 10 मिलीच्या अँप्युलमध्ये, लिटरभरासाठी किती फोडत बसू?

तर डीएम चालेल का डिस्टिल्डच हवं? कुकरच्या शिट्टीला तांब्याची नळी लावून घरी काढलं तर? मेहुणा म्हणतो बिसलेरी ओत, झालं काम. आईचा घसा सारखा धरतो, तिला रोज चमचाभर द्यायचा विचार आहे, म्हणून पाण्यात भलतंसलतं नको.

खारी_बटर (ऐरोली): मेव्हण्याला चहा पाजा आणि गप्प बसवा 😄 बाटलीच्या पाण्यात क्षार असतातच. तुमचं ते ताक म्हणजे सिल्व्हर क्लोराईड, पाण्यातल्या क्लोराईडला चांदी भेटली की तेच होणार, ग्लास उन्हात ठेवून बघा, जांभळट-काळपट पडेल. आरओला बहुतेक टीडीएसचा स्क्रू असतो, तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, चवीसाठी. डीएम आणि डिस्टिल्ड दोन्ही मीटरवर शून्याच्या आसपास येतात, पण डीएममध्ये रेझिन (गाळणीतले दाणे) फक्त आयन, म्हणजे क्षारांचे विद्युतभार असलेले कण, काढतं, जंतू आणि सेंद्रिय घाण मीटरला दिसतच नाही. बॅटरीच्या पाण्याचं स्टँडर्ड आयएस 1069, ते बॅटरीसाठीच आहे, पोटासाठी कोणी भरत नाही ते. कुकरला तांब्याची नळी लावाल तर तांबंही उतरेल, आणि वाफेची वाट अडली तर कुकर उडेल, तो नाद सोडा.

निवृत्त_केमिस्ट (वाशी): पाणी कितीही शुद्ध घ्या, पण आईंना पाजू नका हो. साधा हिशोब, 1 मिलीअँपिअर करंट तासभर गेला तर साधारण 4 मिलीग्रॅम चांदी सुटते, म्हणजे लिटरभर पाण्यात 4 पीपीएम (लिटरला 4 मिलीग्रॅम). आपल्या पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 मध्ये चांदीची मर्यादा लिटरला 0.1 मिलीग्रॅम आहे. चाळीसपट झालं की! अमेरिकेच्या एफडीएने 1999 मध्येच सांगितलंय की औषध म्हणून हे सुरक्षितही नाही आणि गुणकारीही नाही. रोज घेत राहिलं तर चांदी कातडीत साठते, अंग निळसर-राखाडी पडतं, त्याला आर्जिरिया म्हणतात आणि तो रंग जात नाही. घसा सारखा धरत असेल तर कान-नाक-घसावाल्याला दाखवा.

धागाकर्ता: बरं काका, आईचं कॅन्सल, तिला दाखवून आणतो. प्रयोग म्हणून मात्र करणार. ते बॅटरीच्या पाण्यात केलं ना, शेवटी मीटर 2 चा 7 झाला, म्हणजे 5 पीपीएम चांदी धरायची का?

निवृत्त_केमिस्ट (वाशी): नाही. मीटर पाण्यातून करंट किती जातो ते बघतो आणि मिठाच्या हिशोबाने आकडा दाखवतो. आयन झालेली चांदी थोडीफार धरेल, कण मोजणार नाही. मल्टीमीटर सिरीजमध्ये लावा, करंट आणि वेळ लिहून ठेवा, जास्तीत जास्त किती सुटली ते त्यावरून निघेल.