लेट्रोझोल: पाच वर्षं झाली, आता पुरे?

रानजाई

मी डॉक्टर नाही, स्तनाच्या कॅन्सरची पेशंट आहे. वय ५९. डाव्या बाजूची गाठ २.४ सेंमी, काखेतल्या दोन गाठींत रोग उतरलेला, ईआर पॉझिटिव्ह (म्हणजे इस्ट्रोजेन या हार्मोनवर वाढणारा). ऑपरेशन, केमो, रेडिएशनचा शेक सगळं झालं आणि मग रोज रात्री जेवणानंतर लेट्रोझोल २.५ मिलिग्राम, शरीरात इस्ट्रोजेन बनू न देणारी गोळी. येत्या संक्रांतीला पाच वर्षं होतील. मी तारीख धरून बसले होते. परवा डॉक्टर म्हणाले, "अजून पाच वर्षं घेऊ. आणि डेक्सा बिघडलाय, तेव्हा दर सहा महिन्यांनी झोलेड्रॉनिकचं सलाईन." डेक्सा म्हणजे हाडांच्या घनतेची तपासणी, झोलेड्रॉनिक हे हाडं राखायचं औषध.

मणक्याचा टी-स्कोअर उणे २.६ आलाय. सुरुवातीला उणे १.४ होता; उणे जितकं जास्त तितकं हाड पोकळ. म्हणजे एका गोळीने हाडं पोखरायची आणि दुसऱ्या औषधाने लिंपायची, आणि त्या दुसऱ्याचं म्हणे जबड्यावर येतं!

सकाळी उठल्यावर अर्धा तास मूठ वळत नाही. कुकरचं झाकण यांना काढायला लावते. भाकरी थापणं दोन वर्षांपूर्वीच सुटलं. आरतीला मांडी घालून बसले की दोघी हात धरून उठवतात. अंगातून गरम वाफा येणं, झोप न लागणं याबद्दल तर बोलतच नाही, त्याला "वयाचं आहे" हे उत्तर ठरलेलं.

माझं मत असं: पाच वर्षं इमानाने घेतली. २०१६ चा कॅनडाचा एमए.१७आर अभ्यास वाचला (लेकीने काढून दिला). पाचऐवजी दहा वर्षं लेट्रोझोल घेतलेल्या बायकांत रोग उलटण्याचं किंवा दुसऱ्या स्तनात नव्याने होण्याचं प्रमाण कमी झालं हे खरं, पण जगण्या-मरण्याच्या आकड्यात फरक पडला नाही. हाडं मोडली मात्र १४ टक्के जणींची, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत ९ टक्के. मग कशासाठी? मी संक्रांतीला गोळी बंद करणार. सलाईनही नको.

चिंचोका

ताई, साफ असहमत.

माझ्या मोठ्या नणंदेने तिसऱ्या वर्षी गोळी सोडली. कुणाला बोलली नाही. डब्यात पट्ट्या साठत गेल्या, भाऊजींना वाटायचं घेतेय. सातव्या वर्षी कंबर धरली म्हणून मालिश, शेक, बेल्ट सगळं करून झालं. शेवटी बोन स्कॅनमध्ये रोग हाडात गेल्याचं निघालं. गोळीमुळेच वाचली असती असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण ते घर पाहिलंय, म्हणून "पुरे" हा शब्द मला इतका सहज म्हणवत नाही.

आणि आकडेच हवे असतील तर २०१७ चा ऑक्सफर्डच्या गटाचा अभ्यासही वाचा. पाच वर्षं हार्मोनची गोळी घेऊन थांबलेल्या ६२ हजारांवर बायका. तुमच्यासारखी दोन सेंमीच्या वरची गाठ आणि काखेत एक ते तीन गाठी असतील, तर पाचव्या ते विसाव्या वर्षात रोग लांब कुठेतरी उगवण्याची शक्यता २६ टक्के निघाली. ईआर पॉझिटिव्ह रोग चिवट असतो, दबा धरून बसतो.

रानजाई

त्यातल्या बऱ्याच जणींची निदानं जुन्या काळातली आहेत, तेव्हा उपचार आजच्याइतके चांगले नव्हते. आणि नणंदबाईंचं ऐकून वाईट वाटलं, पण त्यांनी तिसऱ्या वर्षी सोडली. मी पाच पुरी करतेय. ही तुलना मला लावू नका.

घाटमाथा

दोघी दोन टोकांना! मधला रस्ता आहे की. २०२१ मध्ये ऑस्ट्रियाचा अभ्यास आला. पाच वर्षांनंतर अ‍ॅनास्ट्रोझोल (लेट्रोझोलच्याच जातीची गोळी) आणखी दोन वर्षं की पाच, एवढाच प्रश्न. निकाल सारखाच, फक्त पाचवाल्या गटात हाडं जास्त मोडली. म्हणजे दहा नको, सात बस. माझ्या बायकोच्या डॉक्टरांनी हेच धरलंय.

चिंचोका

त्या अभ्यासात बहुतेकींच्या काखेत रोग नव्हता. रानजाईताईंच्या आहे. सात पुरेत की नाही हे त्यांच्या बाबतीत तितकं पक्कं नाही.

दातखिळी

(दातांचा डॉक्टर, नाव त्यावरूनच)

सलाईनच्या भीतीबद्दल बोलतो, कारण ही भीती माझ्याच खुर्चीत बसून लोक बोलून दाखवतात. जबड्याचं हाड उघडं पडून न भरणं हा प्रकार खरा आहे. पण तो जास्त दिसतो रोग हाडांत पसरलेल्या, दर महिन्याला मोठा डोस घेणाऱ्या पेशंटांत. सहामाहीच्या सलाईनला शंभरात एक किंवा त्याहून कमी. शिवाय तो बहुतेक वेळा दात काढल्यावर सुरू होतो. म्हणून सलाईनच्या आधी या, हलणारा, किडलेला दात असेल तर आधीच काढू, जखम भरू द्या, मग घ्या. सलाईन सुरू झाल्यावर "दाढ दुखतेय, उपटा" म्हणून आलात तर मी कपाळाला हात लावणार.

ताई, आणखी एक. पाळी गेलेल्या बायकांत झोलेड्रॉनिकसारखी औषधं फक्त हाडं लिंपत नाहीत. २०१५ च्या एकत्रित विश्लेषणात रोग हाडात जाणं आणि स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू, दोन्ही कमी झालेले दिसले. दहा वर्षांत मृत्यू १८ टक्क्यांवरून १४.७. गोळी थांबवा की चालू ठेवा, सलाईनचा हिशोब वेगळा मांडा.

तिखटमीठ

एवढी रासायनिक औषधं खाण्यापेक्षा हाडजोडाचा काढा आणि तीळ-गूळ खा. माझ्या आजीने ९१ व्या वर्षापर्यंत जातं ओढलं.

दातखिळी

आजींना नमस्कार. त्यांचं इस्ट्रोजेन कुणी गोळीने बंद केलं नव्हतं.

घाटमाथा

एक इशारा. कुणी डेनोसुमॅब सुचवलं (हेही हाडांसाठीच, सहा महिन्यांनी पोटाच्या कातडीखाली इंजेक्शन), तर ते मध्येच सोडून द्यायचं नसतं. थांबवल्यावर हाडांची झीज उसळी मारते, मणके एकापाठोपाठ एक खचल्याची उदाहरणं आहेत. थांबवायचंच झालं तर मागोमाग झोलेड्रॉनिकसारखं काहीतरी द्यावं लागतं. बायकोच्या बाबतीत आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं, दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा कळलं.

सांधेदुखीबद्दल: बायकोने लेट्रोझोल महिनाभर थांबवून (डॉक्टरांना विचारूनच) एक्झेमेस्टेन घेतलं. वाफा तेवढ्याच आहेत, पण बोटं सुटली. लेट्रोझोल, अॅनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन या तिघी एकाच जातीच्या गोळ्या, तरी एकीला जी सोसत नाही ती दुसरीला सोसते. टॅमॉक्सिफेन या वेगळ्या जातीच्या हार्मोनच्या गोळीचाही पर्याय असतो. पाळी गेलेल्यांत ते हाडांना उलट राखतं, पण रक्ताच्या गुठळ्या आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर यांची जोखीम घेऊन येतं. फुकट काहीच नाही.

चिंचोका

आणि चाला ताई. येल विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासात आठवड्याला अडीच तास चालणं आणि दोनदा वजनं उचलणं, एवढ्यावर या गोळ्यांची सांधेदुखी बरीच उतरली. डी व्हिटॅमिनही तपासा. उन्हाच्या देशात राहून आपल्यात ते सर्रास कमी निघतं.

रानजाई

सगळं वाचलं. दोनदा.

गोळी बदलून पाहता येते हे पाच वर्षांत मला एकदाही कुणी सांगितलं नाही. मीही दुखतंय म्हणाले ते दाराशी उठता उठता, पाच मिनिटांच्या भेटीत. बसून, यादी करून कधी सांगितलं नाही. चूक माझीही धरा.

सलाईनबद्दल मत बदललं. खालची एक दाढ दोन वर्षं ठणकतेय, उद्या दातांच्या डॉक्टरांना फोन करते. गोळीबद्दल मात्र चिंचोकाताई, अजून तुमच्या बाजूला आले नाही. एक्झेमेस्टेन मागून पाहीन, सहा महिने देईन. त्यातही मूठ वळली नाही तर सातपर्यंतही जाणार नाही, आणि ते डॉक्टरांना तोंडावर सांगूनच.

चिंचोका

सांगून थांबवलंत तर माझं भांडण संपलं. यांनाही सांगा. पट्ट्या मोजणारं कुणीतरी घरात असू दे.

रानजाई

हे कुकर उघडतात, पट्ट्याही मोजतील. डब्यात आज चार आहेत.