मदत हवी आहे: बीसीए पहिल्या सेमच्या प्रोग्रॅमिंगचा प्लॅन (अर्जंट)

उपन्यासक_निपाणी
नमस्कार मंडळी, सोमवारी लेसन प्लॅन द्यायचाय आणि डोकं बंद पडलंय. पहिल्या सेमच्या पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवायचंय, पाच युनिट हायत, कुठल्या आठवड्यात काय घ्यावं, कशाला किती तास, लॅबला कुठले प्रोग्रॅम, कुणाकडं तयार प्लॅन असला तर टाका. आधी जे सर शिकवायचे ते सोडून गेले आणि जाताना वही पण घेऊन गेले. नेटवर बघितलं तर सगळं परदेशातल्या कॉलेजांचं, तिथं प्रत्येकाकडं लॅपटॉप आणि दर आठवड्याला असाइनमेंट. आमचं तसं नाही. लवकर सांगा प्लीज.

कडोलीकर_पुणे
पायथन घ्या, विषय संपला. पहिल्याच दिवशी एका ओळीत पोरगं स्क्रीनवर स्वतःचं नाव आणतंय. सीमध्ये तेवढ्यासाठी हेडर, मेन, कंस, सेमिकोलन, आणि यातलं काय कशाला ते कुणी सांगत नाही, "ते लिहायचं असतंय" म्हणून पुढं जातात. आम्ही पण तसंच शिकलो आणि नोकरीला लागल्यावर सगळं परत शिकलो. २०२६ चालू आहे ओ.

खडूफळा
थांबा की ओ जरा. सरांनी भाषा कुठली ते सांगितलंच नाही आणि तुम्ही पायथन वाढून मोकळे. सर, सिलॅबसला काय आहे? तास किती? मशीन किती? पोरं पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्सची की कॉमर्स-आर्ट्सची? सेम सुरू झाला की व्हायचाय? हे कळल्याशिवाय प्लॅन म्हणजे नुसता कागद.

उपन्यासक_निपाणी
सीच आहे मॅडम, सी नसेल तर काय असणार. थिअरीचे चार तास, लॅब आठवड्यातून एकदा. मशीन अठरा, म्हणजे चालू असलेली. बाकी नेहमीचंच.

दूधगंगा_काठ
"नेहमीचंच" म्हणजे काय ओ सर, पोरं किती ते राहिलंच. अठरा मशीनवर वीस पोरं असतील तर राजेशाही, साठ असतील तर जत्रा.

उपन्यासक_निपाणी
साठ. तीस-तीसच्या दोन बॅच. बहुतेक पीयू कॉमर्सची, काही आर्ट्सची. एसएसएलसीपर्यंत (दहावी) निम्मी मराठी मीडियम, उरलेली कन्नड मीडियम, इंग्लिश मीडियमची हाताच्या बोटावर. घरी कॉम्प्युटर जवळजवळ कुणाकडंच नाही, मोबाईल सगळ्यांकडं. मी कन्नड बोलतो पण शिकवण्याइतकं नाही. लॅबला विंडोज ७. आता तरी प्लॅन सांगा की राव.

कडोलीकर_पुणे
तरी पण पहिले दोन आठवडे पायथन घ्या आणि मग सीवर या, अमेरिकेत असंच करतात.

मलप्रभा_खानापूर
भाऊ, विंडोज ७ वर पायथन ३.८ च्या पुढचं चालत नाही, ३.९ पासून सपोर्ट काढला. जुनं बसवता येतंय, थॉनी म्हणून पायथनचा सोपा एडिटर आहे, त्याची ३.८ वाली ३२ बिट फाईल मिळते. पण ज्या पोराला अजून सेमिकोलन कळेना त्याला दोन आठवड्यात दोन भाषा म्हणजे काय कराल? एकीत ५ भागिले २ अडीच, दुसरीत २. मी खानापूरला हा प्रयोग बघितलाय, पोरं इंटर्नलला सीच्या प्रोग्रॅममध्ये पायथनसारखं कोलन देऊन ओळ सरकवून आली.

टर्बो_अण्णा
कशाला एवढं डोस्कं खाजवालात. टर्बो सी टाका, निळी स्क्रीन, कंट्रोल-एफ९ मारा, झालं. १९८७ पासून चालतंय. परीक्षेला येणारा एक्स्टर्नल पण तेच बघून आलेला असतोय, क्लिअर स्क्रीन आणि गेटसीएच नसलं तर त्यालाच चुकल्यासारखं वाटतंय. आमची पोरं सगळी पास.

दूधगंगा_काठ
अण्णा, रागावू नका, पण टर्बो सी आता डॉसबॉक्समध्ये (जुने डॉसचे प्रोग्रॅम चालवायचं सॉफ्टवेअर) घालून चालवावं लागतंय. आणि पोरांची जी फजिती होते ती तुम्हाला दाखवतोच. आमच्या सदलगा भागात ऊस सगळ्यांच्या घरचा, म्हणून मी पहिला खरा प्रोग्रॅम कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावतीचा देतो. भरलेली गाडी ३४,४५० किलो, रिकामी १२,०००, निव्वळ २२,४५०, दर टनाला ३,००० धरा. पोरं सरळ लिहितात: निव्वळ भागिले १०००, गुणिले दर, सगळे इंट, म्हणजे पूर्णांक.

टर्बो सीत इंट दोन बाइटचा, ३२,७६७ च्या वर जात नाही, गेला की ६५,५३६ वजा होऊन फिरून येतोय. भरलेल्या गाडीचं वजन छापलं की उणे ३१,०८६ येतंय. गंमत म्हणजे त्यातनं रिकामी वजा केली की निव्वळ परत बरोबर २२,४५०! मग हजारानं भागलं की २२, गुणिले ३,००० म्हणजे ६६,००० व्हायला पाहिजे, तर बिल छापतंय ४६४ रुपये. ज्याच्या बापानं वर्षभर पाणी पाजलंय त्याला ४६४ बघून जी चीड येते ती कुठल्या पुस्तकानं येत नाही.

आता तेच कोडब्लॉक्सवर जीसीसी कंपायलरनं चालवा, तिथं इंट मोठा आहे. ६६,००० येतंय. पोरं खूष. मग विचारायचं, काय रे, वरचे ४५० किलो कुठं गेले? कारखान्यानं खाल्ले? बरोबर बिल ६७,३५०. १,३५० रुपये इंटच्या भागाकारात गेले. १००० च्या जागी १०००.० लिहिलं की परत येतात. डेटा टाईपचं अख्खं युनिट इथंच होऊन जातंय, वेगळं लेक्चर लागत नाही.

टर्बो_अण्णा
लाँग (मोठा इंट) वापरा म्हणून आम्ही सांगतोच की. हत्यार वाईट नसतंय, हात वाईट असतोय.

खडूफळा
अण्णा, लाँग कधी लागतो हे त्याला ४६४ बघितल्यावरच कळणार ना? दूधगंगा सरांचा प्रोग्रॅम मस्त आहे, मी तर म्हणते एक दिवस मुद्दाम दोन्हीकडं चालवून दाखवा. पण रोजच्याला कोडब्लॉक्स ठेवा, विंडोज ७ वर नीट चालतो.

आता निपाणी सर, प्लॅन. कागदावर सोळा आठवडे असतील. त्यातनं गणपती काढा, दसरा, दिवाळी, १ नोव्हेंबरचा राज्योत्सव, दोन इंटर्नल, स्पोर्ट्स, कुणीतरी पाहुणे आले म्हणून रद्द झालेले तास, लॅबच्या दिवशीच लाईट गेली ते वेगळंच. बारा हाती लागले तर देवाची कृपा. तेव्हा बाराचाच करा आणि एचओडींना सोळाचा फॉरमॅट भरून द्या, उरलेल्या चारांत रिव्हिजन लिहा.

आणि सिलॅबसच्या क्रमानं जाऊ नका. पहिल्या युनिटला कॉम्प्युटरचा इतिहास, जनरेशन्स, इनपुट-आउटपुट डिव्हाइस असतंय, त्यात सगळे तीन आठवडे घालवतात आणि लूपला एक. उलटं करा. ते युनिट पोरांना घरी वाचायला द्या, परीक्षेआधी दोन तासांत उरकतंय. लूपला तीन आठवडे द्या, मी लिहून देते, तेवढे लागतात. फॉरच्या आत फॉर आला की निम्मा वर्ग खिडकीबाहेर बघतोय. फंक्शन ॲरेच्या आधी घ्या, नाहीतर सगळं मेनमध्ये कोंबायची सवय लागते ती पाचव्या सेमपर्यंत जात नाही. पॉइंटर शेवटच्या दोन आठवड्यांत, फळ्यावर चौकोन काढून, आणि तेवढंच. स्ट्रक्चर आणि फाईल परीक्षेपुरतं.

सगळ्यात महत्त्वाचं, पहिले दोन आठवडे मशीनला हात नको. वहीत तक्ता आखायचा, वर व्हेरिएबलची नावं, खाली प्रत्येक ओळीनंतर कुणाची किंमत काय झाली. पोरं कुरकुर करतात, "मॅडम लॅब कधी". करू देत. ज्याला पाच ओळींचा प्रोग्रॅम वाचून उत्तर सांगता येत नाही तो लिहिणार काय?

कडोलीकर_पुणे
मॅडम हे जरा जुन्या पद्धतीचं वाटतंय. पोरांना लगेच काहीतरी चाललेलं दिसलं पाहिजे, नाहीतर इंटरेस्ट जातो. दोन आठवडे वहीत तक्ते म्हणजे अकाउंट्सचा तास झाला.

खडूफळा
कॉमर्सची पोरं आहेत, तक्ते त्यांना चांगले येतात! आणि पद्धत जुनी असेल, दुखणं त्याहून जुनं आहे. २००१ मध्ये मॅक्रॅकन आणि मंडळींनी चार विद्यापीठांतल्या २१६ पोरांना प्रोग्रॅम लिहायला दिले, पहिला कोर्स झालेल्या. सरासरी ११० पैकी २२.८९. तेव्हा सगळे म्हणाले पोरांना प्रॉब्लेम सोडवता येत नाही. मग २००४ मध्ये लिस्टर वगैरेंनी सात देशांत नुसतं वाचून उत्तर सांगायला दिलं, तर बऱ्याच जणांना तेही जमेना. म्हणजे गाडी लिहिण्याच्या आधीच अडते. ही सगळी बाहेरची पोरं आहेत, बेळगावची नव्हेत.

मलप्रभा_खानापूर
मी मधला रस्ता सांगालोय. वही हवीच, पण पहिल्या आठवड्यात एक तास प्रोजेक्टरवर पायथन ट्यूटर दाखवा. नावात पायथन असलं तरी सी पण चालतंय, एकेक ओळ पुढं सरकते आणि बाजूला व्हेरिएबलचे चौकोन बदलताना दिसतात. मॅडमचा तक्ताच आहे तो, फक्त हलणारा. नेट नसेल त्या दिवशी वही.

लॅबचं गणित पण सांगतो. तीस पोरं, अठरा मशीन, पंधरा जोड्या करा, तीन मशीन राखीव, एखादं तरी पडतंयच. जोडीत एकानं टाइप करायचं, दुसऱ्यानं तोंडानं सांगायचं, अर्ध्या तासानं खुर्च्या बदला. आणि एक मराठी मीडियमचा, एक कन्नड मीडियमचा अशी जोडी लावा. तुमच्या भाषेच्या अडचणीचं निम्मं तिथंच मिटतंय, पोरं एकमेकांना सांगताना कुठून कुठं जातात ते ऐकत बसावं. चुकीचा संदेश मात्र इंग्रजीतच वाचायला लावा, मोठ्यानं, आणि ओळ नंबर सांगायला लावा. कंपायलर दाखवतोय त्याच्या वरच्या ओळीत सेमिकोलन राहिलेला असतोय हे एकदा सापडलं की पोरं स्वतः शोधतात.

लूपला कणकुंबीचा पाऊस द्या. रोजचे मिलिमीटर टाकत जायचं, ९९९९९ टाकलं की थांबायचं, चुकून उणे आकडा आला तर सोडून द्यायचा, शेवटी सरासरी. जुनाच प्रॉब्लेम आहे, सोलोवेंचा, १९८० च्या दशकातला. दिसतो एवढासा, पण लूप, इफ, बेरीज, मोजणी सगळं एकाच ठिकाणी अडकतंय. आणि एकही आकडा आलाच नाही तर शून्यानं भागायची वेळ येते, तिथं हुशार पोरं पण पडतात.

उद्यमबाग_टर्नर
मी शिक्षक नाही पण बोलतो. आमच्या उद्यमबागेत मशीन शॉपला सीएनसी शिका म्हणावं पोरांना. जी०० म्हणजे टूल झटकन न्यायचं, जी०१ म्हणजे कापत न्यायचं, एम३० ला प्रोग्रॅम संपला. ते पण प्रोग्रॅमिंगच की. डिग्री घेऊन पोरं येतात आणि मायक्रोमीटर धरता येत नाही.

उपन्यासक_निपाणी
धन्यवाद दादा, पण सिलॅबसला नाही.

बारीक_सारीक
माझी मुलगी यंदा बीसीएला गेली. लॅपटॉप कुठला घ्यावा? आय३ चालेल का आय५ लागेल? बजेट कमी आहे.

कडोलीकर_पुणे
ताई, पहिल्या सेमला काहीही चालतंय. सेकंडहँड घ्या, एसएसडी असलेला आणि ८ जीबी रॅम बघा. गेमिंगवाला घेऊ नका, दुकानदार तोच गळ्यात मारेल.

टर्बो_अण्णा
आमच्या वेळी एका मशीनवर सहा जण होतो आणि फ्लॉपी खिशात. आता सिलॅबसच टिकत नाही तर प्लॅन काय टिकणार. २०२१ ला एनईपी (नवं शिक्षण धोरण) आली म्हणून डिग्री चार वर्षांची केली, २०२४ ला परत तीन वर्षांवर आणलं. दर वेळी नवा लेसन प्लॅन. आणि लिहिणार कोण, तर अतिथी उपन्यासक (तात्पुरता लेक्चरर), ज्याला पुढच्या वर्षी ठेवतील की नाही पत्ता नाही.

दूधगंगा_काठ
हे मात्र शंभर टक्के बरोबर बोललात अण्णा.

उपन्यासक_निपाणी
विषय भरकटालाय. मॅडम, मलप्रभा सर, बरंचसं उतरवून घेतलं. एकच विचारायचं, रेकॉर्डचं काय करू? बारा प्रोग्रॅम लिहून आणायचे असतात, सगळे एकाच्या वहीवरनं छापतात, आता तर चॅटजीपीटीवरनं. स्पेलिंगची चूक पण नसते, तिथंच कळतंय.

खडूफळा
छापू दे. सही करताना त्याच्याच वहीतली एक ओळ बदला, लहान-किंवा-बरोबरच्या जागी नुसतं लहान करा, आणि विचारा आता काय छापेल. तोंडी, दोन मिनिटं. सांगता आलं तर सही, नाही तर पुढच्या लॅबला परत या. सुरवातीला रांग लागते, मग आपोआप वाचून येतात. साठ पोरांचं एका दिवशी होणार नाही, प्रत्येक लॅबला आठ-दहा घ्या.

मलप्रभा_खानापूर
आणि इंटर्नलला एक प्रश्न कोरा प्रोग्रॅम लिहा, एक प्रश्न दिलेल्याचा तक्ता भरा, एक चूक शोधा. नुसतं "लिहा" ठेवलं की पाठ करून येतात.

उपन्यासक_निपाणी
(काही आठवड्यांनी) मंडळी, प्लॅन गेला, एचओडींनी फॉरमॅट बदलून परत मागितला, परत दिला. ऊसाची पावती भारी चालली, ४६४ ला वर्गात आरडाओरडा झाला. आता नवीन अडलंय. पावसाच्या प्रोग्रॅमच्या शेवटी "पुन्हा चालवू का, वाय की एन" विचारलंय, तर थांबतच नाही, सरळ पुढं पळतंय. उद्या लॅब आहे.

मलप्रभा_खानापूर
आकडा टाकून एंटर दाबलेला असतोय ना, तो एंटर तसाच उरतोय आणि एक अक्षर वाचणारं %सी तोच उचलतंय. स्कॅनएफमध्ये %सीच्या आधी एक स्पेस टाका.

टर्बो_अण्णा
एफफ्लश स्टडइन टाका, उरलेलं इनपुट पुसतंय, आम्ही तेच टाकतो.

दूधगंगा_काठ
अण्णा, ते इनपुटला वापरलं तर काय व्हावं हे सीच्या स्टँडर्डनं ठरवलेलंच नाही. एकीकडं चालतंय, दुसरीकडं नाही. स्पेसच टाका सर.

उपन्यासक_निपाणी
स्पेसनं चाललं. आणि अण्णा, तुमचं एफफ्लश एका पोरानं आधीच वहीत लिहून आणलंय, चॅटजीपीटीनं दिलं म्हणतोय.