शॉर्टफिल्मवाल्यांनो, तुम्हाला भीती कुठं सापडली? (अनुभव धागा)

गेल्या वर्षभरात माझ्याकडं एडिटिंगला सात शॉर्टफिल्म आल्या. लातूर, बीड, परभणीकडच्या. सातातल्या पाच सायकॉलॉजिकल थ्रिलर, आणि पाचही ठिकाणी शेवटी कळतं की मारणारा 'वेडा' होता. एकाला विचारलं, आजार कोणता रे याला? तर म्हणे, "सर, सायको." म्हणून हा धागा काढला. ज्यांनी खरंच शोधाशोध केली, डॉक्टरांना भेटले, स्वतःवर प्रयोग करून पाहिले, त्यांनी लिहा. कॅमेरा कोणता होता ते नाही सांगितलं तरी चालेल.

अंबाजोगाई, लेखन

आमची गोष्ट अशी: लग्नाला बारा वर्षं झालेली बाई एक दिवस म्हणते, हा माझा नवराच नाही, त्याच्यासारखा दिसणारा दुसरा कुणीतरी आहे. वाटलं, लै भारी सुचलं आपल्याला. मानसोपचारतज्ज्ञांनी अर्ध्या मिनिटात नाव सांगितलं, कॅपग्रास. त्या नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं 1923 सालीच लिहून ठेवलंय. चेहरा ओळखू येतो, पण आपलं माणूस बघून आत जे हलायला पाहिजे ते हलत नाही, मग मेंदू म्हणतो की माणूसच बदललाय, असं त्याचं एक स्पष्टीकरण देतात. इथपर्यंत ठीक होतं. पुढं त्यांनी मेंदूतज्ज्ञ रामचंद्रन यांच्या एका रुग्णाची गोष्ट सांगितली. आईवडील समोर आले की त्याला तोतये वाटायचे, फोनवर बोलले की मात्र खरे! घरी येऊन सोळातली अकरा पानं फाडली.

आता मुख्य सीन असा आहे. ती स्वयंपाकघरातून नवऱ्याला फोन लावते. रिंग ओसरीत वाजते. "अहो, लवकर या. घरात कुणीतरी शिरलंय." दहा पावलांवर उभा असलेला नवरा फोनमध्ये म्हणतो, "आलोच." आधीच्या पटकथेत इथं विळी होती. आता नाही.

धाराशिव, दिग्दर्शन

आम्ही आरशाच्या मागं लागलो होतो. इटलीतल्या कपुतो नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 2010 मध्ये एक प्रयोग छापलाय: मंद उजेडात 10 मिनिटं आरशातल्या स्वतःच्या चेहऱ्याकडं बघत बसायचं. 50 जणांत 66 टक्के लोकांना आपला चेहरा वेडावाकडा होताना दिसला, काहींना अनोळखी माणूस दिसला. त्यानं पाठीमागं 25 वॅटचा पिवळा बल्ब ठेवला होता. तो बल्ब शोधायलाच आमचे दोन दिवस गेले, सगळीकडं एलईडी. शेवटी एका जुन्या दुकानदारानं माळ्यावरून काढून दिला, पैसेही घेतले नाहीत.

आमची नटी सहाव्या मिनिटाला उठली. "आत्या दिसली," एवढंच म्हणाली, आणि त्या दिवशी शूटिंग झालं नाही. मला स्वतःला डोळ्यांच्या जागी नुसते खड्डे दिसले. पण गोची अशी की हे कॅमेऱ्याला दिसत नाही, ज्याचं त्यालाच दिसतं. इफेक्ट टाकून पाहिले, ते जत्रेतल्या भुताटकीच्या तंबूसारखे वाटले. म्हणून नुसता तिचा चेहरा ठेवला, दीड मिनिट, काही न करता. दोन कॉलेजांत शिट्ट्या पडल्या. तरी मी तो शॉट कापणार नाही.

नांदेड, साउंड

दोनच गोष्टी. शेतातल्या घरात रात्रीचं रेकॉर्डिंग ठेवत असाल तर लाईटीचं वेळापत्रक आधी बघा. थ्री-फेज आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम घुमतात, रूम टोन (खोलीच्या शांततेचा आवाज) विसरा. आणि भीतीचे आवाज नेटवरून उतरवू नका. वाळलेल्या कडब्याची गंज रात्रीच्या वाऱ्यात सळसळते तेव्हा माईक जवळ धरा. कुणीतरी पलीकडं उभं राहून चुळबूळ करतंय असंच वाटतं. (कॅमेऱ्यावाल्यांनो, ट्यूबलाईटखाली शटर 1/50 ठेवा. नाहीतर भूत नसताना पडदा लुकलुकतो.)

औसा तालुका

आमचं गाव किल्लारीच्या भूकंपानंतरच्या पुनर्वसनातलं. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. माझा जन्म नंतरचा, मला सगळं ऐकून माहीत. वडील अजून अंगणात झोपतात, पावसात पत्र्याच्या शेडखाली. मला यावर थ्रिलर करायची होती: रोज 3:56 ला जाग येणारा माणूस, हलणारी खाट, वगैरे. वडिलांना विचारलं, आवाज कसा आला होता? म्हणाले, "ट्रकातून दगडं वतल्यागत." त्या रात्री त्यांनी खाट अंगणातून उचलून रस्त्याच्या मधोमध नेली.

खाटेचा सीन मी वहीतूनच काढून टाकला. शूटिंगच्या वेळी मात्र व्ह्यूफाइंडरमधून एक गोष्ट दिसली, जी इतक्या वर्षांत मला दिसली नव्हती. खोलीत जायच्या आधी ते चौकटीजवळच्या भिंतीला तळहात लावतात. क्षणभर थांबतात. मग आत जातात. प्रत्येक वेळी. फिल्म आता चार मिनिटांची आहे आणि त्यात एवढंच आहे. स्पर्धेला पाठवली नाही. त्यांना दाखवली तर म्हणाले, "भिंत चांगली आलीय."

छत्रपती संभाजीनगर, निर्मिती

दौलताबादची अंधारी (किल्ल्यातली ती काळोखी भुयारी वाट) फुकटात मिळेल या भरवशावर कुणी पटकथा लिहू नका. किल्ला पुरातत्त्व खात्याचा, परवानगी लागते. आम्ही शेवटी एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात भागवलं. आणि किंचाळणाऱ्या माणसाला बांधून शॉक देतात तो सीन आजच्या काळात दाखवत असाल तर तो गुन्हा दाखवताय, उपचार नव्हे. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं बंदी आहे. आमच्या डॉक्टरांनी हे सांगितल्यावर नायकाचं अख्खं फ्लॅशबॅक गेलं. बजेट वाचलं, ते एक बरं झालं.

उदगीर

मी फिल्म केली नाही, घर दिलतं. भाचा म्हणला, मामी तुम्हीबी लिहा. तीन दिवस खिडक्यांना काळ्या चादरी. शेजारीण विचारायला आली, कोण गेलं म्हणून. त्या पोरीला रात्री बारापर्यंत एकच रडायचं काम. दर बारीला हे फिल्मवाले म्हणायचे, अजून एकदा. मी चहा ठेवूलालते. शेवटच्या बारीला मला कळलं की ती आता खरंच रडूलाली. यांना कळलं नाही, कॅमेरा चालूच. मीच जाऊन मेन स्विच पाडला.