गाव बुडत नाही, मग डोंगरातल्या शेतकऱ्यांचा जलविद्युत प्रकल्पांना विरोध का?

प्रश्न
'रन ऑफ द रिव्हर' प्रकल्पात मोठं धरण नसतं, पाणी परत नदीतच सोडतात म्हणे. तरी डोंगरातली गावं एवढी का तापतात? मोबदला वाढवून घ्यायचा डाव, की खरंच काही आहे?

प्रतिसाद १
बोगद्यांच्या कामावर भूवैज्ञानिक होतो, म्हणून लिहितो. पाणी परत सोडतात हे खरं, पण कुठे? बंधाऱ्यापाशी वळवलेलं पाणी बोगद्यातून कित्येक किलोमीटर खालच्या वीजघरात जातं. मधल्या पट्ट्यात कोरड्या महिन्यांत नदीत गोटेच जास्त दिसतात. मासे आणि पाणचक्क्या तिथेच संपतात.

पण खरं दुखणं वर आहे. नदी खोल दरीत, शेतं उतारावर. ती जगतात झऱ्यांवर. बोगदा खणताना पाण्याने भरलेली भेग फुटली, की झऱ्याला जाणारं पाणी बोगद्यात उतरतं. उत्तराखंडात जोशीमठजवळ तपोवन-विष्णुगाड जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्यात डिसेंबर २००९ मध्ये हेच झालं. सेकंदाला शेकडो लिटर पाणी येत होतं!

आणि जमीन गेली तो प्रकल्पग्रस्त. झरा आटला तो कागदावर कुणीच नाही.

प्रतिसाद २
जरा एकतर्फी होतंय. रस्ते, नोकऱ्या? केंद्राच्या २००८ च्या धोरणात बाधित कुटुंबाला १० वर्षं महिना १०० युनिट विजेची तरतूद आहे.

प्रतिसाद १
रस्त्याचा फायदा मान्य. नोकऱ्या खोदकाम चालू असेतो. पुढे वीजघराला मोजकेच तंत्रज्ञ लागतात. आणि युनिटं मिळणार बाधितांच्या यादीत नाव असेल तर. घोडं तिथेच अडतं.

प्रश्नकर्ता
मग गावाने करावं काय?

प्रतिसाद १
पहिला सुरुंग लागायच्या आत झरे मोजा. दहा लिटरची बादली किती सेकंदांत भरते, दर पंधरा दिवसांनी वहीत लिहा, निदान वर्षभर. पाऊसही मोजा. नोंदी ग्रामसभेच्या इतिवृत्तात घाला. नुसत्या वहीला जनसुनावणीत कुणी विचारत नाही. झरा आटला की कंपनी 'पाऊस कमी झाला' म्हणणार, आणि कधीकधी ते खरंही असतं. म्हणून बोगद्यापासून लांबचा, तशाच उतारावरचा एखादा झराही मोजत राहा. तो वाहता आणि बोगद्यावरचा कोरडा असेल, तर पावसावर ढकलणं अवघड जातं.