'कै.' नको, मग काय? आणि 'अज्ञेयवादी' कुणाला कळतो का?

अर्धविराम
बाबा गेले त्याला येत्या पंधरा तारखेला महिना होईल. दिवस वगैरे घातले नाहीत, तशी त्यांचीच इच्छा होती. त्याऐवजी त्यांची पुस्तकं शाळेच्या वाचनालयाला देतोय आणि त्या दिवशी ओळखीच्या लोकांना बोलावतोय. पेपरात चार ओळींचं निवेदन द्यायला गेलो. काउंटरवरच्या मुलाने मजकूर वाचला, नावाआधी बॉलपेनने 'कै.' घातलं आणि कागद परत माझ्याकडे सरकवला. म्हटलं, 'कै.' नको. "मग 'स्व.' करू?" तेही नको म्हटल्यावर तो म्हणाला, "साहेब, नुसतं नाव टाकलं तर लोकांना वाटेल कार्यक्रम त्यांनीच ठेवलाय."

बाबांना नास्तिक म्हटलेलं चालायचं नाही. "नास्तिकाला नक्की माहीत असतं. मला माहीत नाही." शेवटच्या वेळी ॲडमिट केलं तेव्हा फॉर्मवर धर्माच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने प्रश्नचिन्ह काढलं. नर्सला वाटलं आजोबांना प्रश्न कळला नाही, ती बिचारी समजावून सांगायला आली. देव आहे की नाही ते माहीत नाही, या अर्थाने मजकुरात मी 'अज्ञेयवादी' लिहिलंय. आत्याने वाचून विचारलं, हा कुठला पक्ष?

तर प्रश्न दोन. कैलास, वैकुंठ, स्वर्ग यातलं काहीच न धरणाऱ्या माणसाच्या नावाआधी मराठीत काय लावतात? आणि 'अज्ञेयवादी'ला साधा शब्द आहे का? शुक्रवारी मजकूर द्यायचाय.

पेठेतला पोपट
'दिवंगत' लावा. विषय संपला.

बोरू
संपला कसा? दिव् म्हणजे आकाश, स्वर्ग. दिवं गतः. 'देव' ज्या घरातला, त्याच घरातला हा शब्द. महादेवाकडे जायचं नाही म्हणून इंद्राच्या मागच्या दाराने आत शिरल्यासारखं झालं.

पेठेतला पोपट
शब्दाच्या पोटात काय आहे ते उघडून कोण बघतं हो? तुम्ही दर सोमवारी चंद्राला नमस्कार करून कामाला लागता का? 'दिवंगत' आज नुसतं 'मयत'च्या जागी सभ्यपणे वापरतात.

बोरू
मग 'कै.'सुद्धा आज नुसतं मृत याच अर्थाने वापरतात. तुमच्या न्यायाने तेही चालावं. बुद्धिवादी सुधारक आगरकरांना लोक बिनदिक्कत 'कै. आगरकर' लिहीत आलेत. ज्या माणसाची जिवंतपणी पुण्यात प्रेतयात्रा काढली, त्याला १८९५ नंतर थेट कैलासाला पोचवलं. पोचवणाऱ्यांत त्यांचे चाहतेच जास्त!

वसईवाली
मराठीत मेलेल्या माणसाला पत्ता लागतोच. कैलासवासी, वैकुंठवासी, पैगंबरवासी, आमच्याकडे ख्रिस्तवासी. वासी, वासी, वासी. माझे एक चुलते चर्चमध्ये फक्त लग्नाला आणि मयतीला जायचे, तेही बाहेर उभे राहून. ते गेले तेव्हा पत्रिकेत ख्रिस्तवासीच छापलं. काकू म्हणाली, आता तिकडे गेल्यावर काय ते भांडतील.

नागपुरी संत्रं
आमच्या घरात 'कालकथित' लिहितात. विदर्भात बौद्ध घरांच्या पत्रिका पाहिल्या असतील तर माहीत असेल. तेराव्याच्या जागी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम. पालीत 'कालकत' म्हणजे मरण पावलेला, शब्दशः काळ केलेला. त्याचं मराठीत 'कथित' कसं झालं यावर माझी एक थिअरी आहे (छापखाना!), पण ती असो. त्यात स्वर्ग नाही, देव नाही. तयार शब्द आहे, घ्या की.

अर्धविराम
शब्द खरंच आवडला. पण आमच्याकडे लावला तर लोक वेगळाच अर्थ काढतील अशी भीती वाटते.

नागपुरी संत्रं
वेगळा म्हणजे कुठला? स्पष्ट लिहा.

अर्धविराम
जात शोधतील. तेच म्हणायचं होतं, आणि लिहायला संकोच वाटला हेही खरं.

नागपुरी संत्रं
'कै.'वरून शोधत नाहीत असं वाटतं का तुम्हाला? ते अक्षर तुम्हाला नेहमीचं आहे म्हणून दिसत नाही, एवढंच. राग नाही, दादा. तुमच्या वडिलांना विचारता आलं असतं तर त्यांनी कुठला घेतला असता?

बोरू
दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी बघतच नाहीये. इंग्रज शास्त्रज्ञ हक्सलीने १८६९ मध्ये इंग्रजीत 'ॲग्नॉस्टिक' हा शब्द घडवला. त्यातला 'ग्नो' आणि आपला 'ज्ञा' हे सख्खे भाऊ. पण मराठी करताना एक घोळ झालाय. अज्ञात म्हणजे ठाऊक नसलेलं. अज्ञेय म्हणजे ठाऊक होऊच शकत नाही असं. 'अज्ञेयवादी' माणूस दावा करतो की हे कुणालाच कळणं शक्य नाही. अर्धविराम यांचे वडील म्हणत होते, मला माहीत नाही. ते अज्ञेयवादी नव्हतेच!

खारा वारा
आणि नास्तिक तरी कुठे होते? पाणिनीचं सूत्र आहे, 'अस्ति नास्ति दिष्टं मतिः' (४.४.६०). 'आहे' असं मत असणारा आस्तिक, 'नाही' असं मत असणारा नास्तिक. काय आहे? टीकाकार सांगतात, परलोक. त्यात ईश्वर येतच नाही. मनूने तर वेदनिंदकालाच नास्तिक ठरवलं. म्हणून ईश्वर न मानणारे जुने सांख्य तत्त्वज्ञ आस्तिकांच्या रांगेत आणि जैन, बौद्ध बाहेर. 'देव न मानणारा' म्हणायचं असेल तर निरीश्वरवादी म्हणा.

बाकी आमच्या गोव्याकडचे आजोबा पक्के निरीश्वरवादी. देवळाच्या पायरीवर विडी ओढत बसायचे. पण कुणी पाण्याचा तांब्या दिला की तोंडातून "देव बरें करूं" यायचंच. कोकणीत आभार मानायचे तर देवाला मध्ये घ्यावंच लागतं. त्यांना एकदा हटकलं तर म्हणाले, उपकार त्या बाईचे, देव फक्त पोस्टमन.

पेठेतला पोपट
'निरीश्वरवादी' पेपरात छापणार? आत्याबाई हाही पक्षच समजतील, आणि फुटून निघालेला.

मुक्काम एडिसन
इथे अमेरिकेत मराठी मंडळाच्या नोंदणीचा फॉर्म मराठीत केला तेव्हा हाच त्रास झाला. 'धर्म नाही' याला कुणी 'निधर्मी' सुचवलं, तर एक काका भडकले, ही शिवी आहे म्हणाले. शेवटी एका निवृत्त तलाठ्याने तोडगा काढला: धर्म – निरंक, म्हणजे काही नाही. अजून तेच आहे. माझ्या मुलीला वाटतं निरंक हा एक धर्म असतो.

बोरू
धर्म जाहीर करण्याची सक्ती करता येत नाही, 'कुठलाही धर्म नाही' असं सांगायचा हक्क नागरिकाला आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटलंय. पण रकान्यात लिहायचं काय, ते भाषेवर सोडलं.

वसईवाली
शिवीवरून आठवलं. 'पाखंडी' ही तरी मुळात शिवी कुठे होती? अशोकाच्या गिरनारच्या शिलालेखात 'पासंड' म्हणजे नुसता पंथ, आणि सगळ्या पासंडांचा मान राखा असं राजा सांगतो. पुढे दुसऱ्याचा पंथ तो पाखंड झाला.

मुक्काम एडिसन
आणि 'श्रद्धांजली' चालेल का? 'आदरांजली' लिहा असं हल्ली सांगतात.

खारा वारा
श्रद्धा म्हणजे श्रत् + धा, विश्वास ठेवणे. लॅटिनचा 'क्रेडो' त्याचाच भाऊबंद, त्यातूनच आपलं बँकेचं क्रेडिट.

पेठेतला पोपट
म्हणजे श्रद्धांजली वाहिली की माणूस उधारी ठेवून गेला असं जाहीर होतं! 'आदरांजली' मला कृत्रिम वाटते. सभेत सूत्रसंचालक म्हणतात तशी.

बोरू
'श्रद्धांजली'सुद्धा कधीतरी कुणीतरी जुळवलेलीच आहे.

पेठेतला पोपट
जुळवलेलं आणि रुळलेलं यात फरक आहे. 'अज्ञेयवादी' इतक्या वर्षांत रुळला नाही, तो आता काय रुळणार. सरळ देवनागरीत 'ॲग्नॉस्टिक' लिहा.

नागपुरी संत्रं
रुळतो कसा, तर कुणीतरी आधी छापतो म्हणून. 'कालकथित' असाच रुळला, पेठेत नसेल कदाचित.

अर्धविराम
शुक्रवारी मजकूर देऊन आलो. 'अज्ञेयवादी' काढला. नावाआधी काही नाही, पुढे 'सर' ठेवलं, गावात त्यांना सगळे तेच म्हणायचे. जन्म-मृत्यूच्या सालांची ओळ जादा पैशाची होती, तीही मीच काढली. 'यांची पुस्तकं वाचनालयास भेट' एवढंच राहिलं.

काउंटरवरचा मुलगा बरोबर होता. आज सकाळपासून तीन फोन आले. तिसरा त्यांच्या १९७८ च्या बॅचच्या विद्यार्थ्याचा, "सर आहेत का जवळ? द्या ना जरा." माझ्याकडे इतके दिवस जमवलेले शब्द होते, एकही तोंडात आला नाही. "सर वारले" म्हणालो.

वसईवाली
😔

बोरू
पण 'वारले'! ना कैलास ना वैकुंठ. आदराचा शब्द आणि पत्ता कुठलाच नाही. हा आपल्या कुणाच्याच डोक्यात कसा आला नाही?

पेठेतला पोपट
नावाआधी लावून दाखवा. 'वारलेले अमुक सर.' कसं वाटतंय?

खारा वारा
'वारणे' मुळात दूर करणे, वारा घालून उडवणे. त्याचा 'वाऱ्या'शी संबंध असावा असं मला वाटतं.

बोरू
नाही. 'वृ' धातू आहे तो, निवारण वाला. वेगळा धागा काढा.