सोन्याचा गुलाब आणि खरा पिवळा गुलाब
वर कोणीतरी लिहिलंय की सोन्याचा मुलामा दिलेला गुलाब म्हणजे निव्वळ दिखावा, पिवळा गुलाब तर बागेत कायमच होता. पहिलं अर्धं मान्य, मला स्वतःला लग्नाच्या वाढदिवसाला असा एक मिळाला होता, वर्षभरात पाकळीच्या कडेचा सोनेरी कागद सुटला तर आत चक्क प्लास्टिक! खरा गुलाब वापरतात तिथे काम वेगळं असतं. फुलातून वीज जात नाही म्हणून आधी त्यावर वीज वाहणारा थर देतात, मग तांबं चढवतात आणि सोनं सगळ्यात शेवटी, तेही अगदी पातळ. त्यामुळे हातात जड लागतो तो बहुतेक तांब्यामुळे, सोन्यामुळे नाही.

पण "कायमच होता" हे काही पटलं नाही. फिकट पिवळे टी गुलाब (चहासारख्या वासाची एक जुनी जात) चीनकडून आले होते खरे, पण युरोपातल्या बागांमधल्या मोठ्या फुलांच्या गुलाबांत तो गडद पिवळा नव्हताच. फ्रान्समध्ये लिऑनच्या पेर्ने-दुशे नावाच्या माणसाने इराणकडचा 'पर्शियन यलो' हा गडद पिवळा गुलाब घेऊन वर्षानुवर्षं संकर केले, ते झाड बीज धरायला महा नाठाळ, आणि १९०० मध्ये 'सोलेय द'ओर' आणला, म्हणजे सोन्याचा सूर्य. आजच्या बऱ्याच पिवळ्या-केशरी गुलाबांचं मूळ तिथे जातं. गंमत म्हणजे रंगासोबत पानांवरच्या काळ्या ठिपक्यांचा रोग लवकर धरण्याची खोडही तिथूनच वारशात आली, त्यामुळे पावसाळ्यात तुमचा पिवळा गुलाब पानं टाकत असेल तर सगळा दोष खताला देऊ नका.